गवताखालचा सातपुडा

पहिला दिवस : मोर्शी ते सालबर्डी

परतीचा पाऊस अजून पुरता गेला नव्हता, तरी निघालो. दिवाळी आटोपली की आमच्या मंडळींच्या कच्च्या वाटांवरच्या मोटारसायकल फेऱ्या सुरू होतात. तोवर सोयाबीन निघालेलं असतं आणि सकाळी कानटोपी लागायला लागते. पण त्याआधी कोणीतरी जाऊन वाटा पाहून यावं लागतं, कारण एका पावसाळ्यात सातपुड्याच्या पायथ्याची जमीन ओळखू येईनाशी होते. नाला काठ खातो, मोरी वाहून जाते, एखादा शेतकरी पांदणीत, म्हणजे शेतांमधल्या गाडवाटेत, दोन तासं वाढवून घेतो. यंदा हे काम तिघांवर आलं : मी, झेडपीच्या शाळेतले मास्तर आणि फौजी.

फौजीबद्दल आधी सांगायला हवं. गडी जन्मला पूर्णेच्या खोऱ्यात, नोकरीतली बरीच वर्षं गेली काश्मीर-लडाखच्या बर्फात. तिथं त्यानं स्नो-स्कूटर चालवलेली. या गाडीला चाकं नसतात. पुढं दोन पट्ट्या, मागं फिरता रबरी पट्टा, आणि हँडल मात्र आपल्यासारखंच. मोहिमेची सगळी रीत त्याच्याकडून आलेली. सुरुवातीलाच त्यानं सांगून टाकलं, "बर्फ पडलं का सारं सारखंच दिसते. गोटा कुठी, खुंट कुठी, नाला कुठी, काहीच समजत नाई. म्हून जमीन उघडी हाय तवाच पायी फिरून पाहून ठेवा लागते. आन सगळ्यात खराब थे पहिलं पहिलं बर्फ. वीतभर जाड, खाली गोटेच गोटे."

आपल्याकडं बर्फाचं काम गवत करतं. फरक इतकाच की आपली जमीन उघडी असते मे महिन्यात, पंचेचाळीस अंशांच्या उन्हात, आणि तेव्हा घराबाहेर पडायचं नाव कोणी काढत नाही. ऑक्टोबरात कमरेएवढी कुसळी उभी असते, वर वाऱ्यानं छान लाटा उठतात, फोटो सुंदर येतात. खाली काय आहे ते गाडीवरून कळत नाही. म्हणून या दौऱ्यात गाड्या झाडाखाली उभ्या आणि आम्ही पायी, असाच बहुतेक वेळ गेला. ज्यांना पाहणी म्हणजे मोकळी हवा आणि फुकटची रायडिंग वाटते, त्यांना बरोबर घेऊ नये.

गाड्या तीन तऱ्हांच्या होत्या. माझी एक्सपल्स, मास्तरांची हिमालयन आणि फौजीची जुनी स्प्लेंडर. पाहणीला स्प्लेंडरच बरी, हे माझं ठाम मत झालंय. हलकी, एकट्यानं उचलता येते, कुठल्याही गावात दुरुस्त होते, आणि लोकांना ती पाहुण्याची न वाटता सोयऱ्याची वाटते. मोठी गाडी उभी केली की भोवती पोरं जमतात आणि किंमत विचारतात. स्प्लेंडरवाल्याला लोक रस्ता सांगतात.

मोर्शी सोडलं की दोन्ही अंगांनी संत्र्याच्या बागा. आंबिया बहाराची फळं पिवळी पडायला लागलेली, पण झाडाखाली गळही बरीच होती आणि सडक्या फळांचा आंबूस वास हेल्मेटमध्ये शिरत होता. बागांमधल्या पांदणी म्हणजे शुद्ध काळी माती. वाळली की पक्की सडक, ओली झाली की गाडीला जागेवर बांधून ठेवते. टायर आणि मडगार्डच्या मध्ये ती अशी ठासून बसते की पुढचं चाक फिरायचंच थांबतं. मग काडी घेऊन खरवडत बसा. बागेत औत हाकणाऱ्या एका बाप्यानं आम्हाला परीक्षा शिकवली. पांदणीत उतरून टाच दाबून फिरवायची. ठसा चकाकला तर मागं फिरा. ठशाच्या कडेला भुगा पडला तर जा. दुपारपर्यंत आम्ही प्रत्येक पांदणीच्या तोंडाशी टाच फिरवत होतो, आणि मास्तर वहीत 'चकाकली' किंवा 'भुगा' लिहीत होते. चकाकलेल्या पांदणी कायमच्या कटल्या नाहीत, पण त्यांच्यासमोर 'पावसानंतर चार दिवस नाही' असा शेरा पडला.

सालबर्डीला पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. गाव निम्मं अमरावती जिल्ह्यात, निम्मं मध्य प्रदेशातल्या बैतूल जिल्ह्यात. महाशिवरात्रीला इथून डोंगरातल्या महादेवाच्या गुहेकडं माणसांची रीघ लागते. त्या वाटेवर गाडी न्यायचा विचारही कोणी करू नये, आम्ही केला नाही. पलीकडचं रान दुसऱ्या राज्याचं, तिथले नियम तिथल्या लोकांना विचारावे लागणार, म्हणून नदीच्या अलीकडंच राहायचं ठरलं आणि नकाशावरची उत्तरेची दोन शेपटं पुसली गेली.

दुसरा दिवस : घाटलाडकी, विश्रोळी, बहिरम

हा दिवस सगळ्यात लांब आणि सगळ्यात कामाचा.

घाटलाडकीच्या अंगानं डोंगराला चिकटून एक गाडवाट जाते. उपग्रहाच्या चित्रात ती स्वच्छ पांढरी रेघ दिसते, कारण ते चित्र उन्हाळ्यातलं असणार. प्रत्यक्षात समोर ई-क्लासची, म्हणजे सरकारी गायरानाची, गवताळ जमीन, मधूनमधून रायमुनियाची (घाणेरीची) जाळी आणि पलीकडं सागाचं रान. फौजीनं गाडीला बांधलेली बांबूची लांब काठी सोडली आणि पुढं झाला. बर्फात हिमकडा कोसळून माणूस गाडला गेला की अशीच लांब सळई खुपसत शोधतात, हे तो चालता चालता सांगत होता. दर दोन पावलांना काठी खाली. टक् आवाज आला की गोटा. घस् आवाज आला की माती. सागाचे तुटके खुंट वेगळेच लागत, जरा बोदे. बोटभर जाडीचा खुंटही चालत्या गाडीच्या इंजिनाखाली गेला तर काम संपलं.

एका बेशरमीच्या झुडपाशी काठी खाली गेली आणि कोणताच आवाज आला नाही.

फौजी जागच्या जागी थांबला. मागं न वळता हात वर केला. आम्ही दोघं उभ्या पायावर थिजलो. मग तो हळूच खाली बसला, गवत दोन्ही हातांनी बाजूला केलं, आणि आत विहीर होती. जुनी, बिनकठड्याची, काठाचे दगड ढासळलेले. भोवतालचं गवत काठावरून आत झुकून एकमेकांत गुंतलेलं, त्यामुळं वरून पाहता सपाट माळ. मास्तरांनी खडा टाकला. पाण्याचा आवाज यायला चांगला वेळ लागला. हिमनदीवर भेगा असतात, त्यांच्या तोंडावर बर्फाचा पातळ पूल धरतो आणि वरून काही समजत नाही. सियाचीनकडं अशा जागांना झेंड्या लावून वाट आखतात, असं फौजी म्हणाला. आमच्याकडं झेंड्या नव्हत्या. आम्ही रायमुनियाच्या फांद्या तोडून भोवती रचल्या, शेजारच्या पळसाला लाल चिंधी बांधली, मोबाईलवर ती जागा नोंदवली आणि गावात येऊन पहिल्या पानटपरीवर सांगितलं. टपरीवाला म्हणाला, "हाव, थ्या इहिरीत मांगच्या साली गोऱ्हा पडला होता." म्हणजे गावाला माहीत होतं. गावाला सगळं माहीत असतं, विचारणारा यावा लागतो.

यावरून एक नियम तिथंच ठरला : ई-क्लासमध्ये चाकोरी सोडायची नाही. ज्या वाटेवर बैलगाडीचं चाक किंवा जनावराचं खूर रोज पडतं तीच वाट. मोकळा माळ कितीही बोलावू दे.

तिथून पुढं एक चढ लागला. माथ्यावरून पूर्णेच्या मैदानाचा चांगला देखावा दिसतो म्हणून तो आमच्या यादीत होता. सारा सुट्या काळ्या दगडांचा. नारळाएवढे गोटे, खाली मुरूम. फौजीनं सवयीनं मोबाईल उतारावर टेकवून कोन मोजला, चोवीस अंश भरला. बर्फात तीस ते पंचेचाळीस अंशांचा उतार सर्वांत घातकी, हिमकडे बहुतेक त्याच उतारांवरून सुटतात, त्यामुळं त्याचा हात आपोआप कोनाकडं जातो. आपल्याकडं दगड सुटायला त्याहून कमी कोन पुरतो. तिथला दुसरा नियम मात्र आम्ही जसाच्या तसा उचलला : उतारावर एका वेळी एकच गाडी, बाकीच्यांनी खाली बरोबर सरळ रेषेत उभं राहायचं नाही. आजवर आमच्यात उलटी पद्धत होती. एक जण चढतो, आणि उरलेले सगळे खाली घळीत उभे राहून शिट्ट्या मारतात, व्हिडिओ काढतात. घळ म्हणजे वरून जे सुटेल ते नेमकं जिथं येतं ती जागा. आम्ही बाजूच्या टेपाडावर मोहाच्या झाडाखाली थांबायची जागा नक्की केली. व्हिडिओ तिथूनही बरा येतो.

दुपारी नाल्यावर एक ढोरकी भेटला. खांद्यावर घोंगडी, हातात कुऱ्हाड, पंधरा-वीस गाई पाण्यावर. आम्ही नाला ओलांडायची जागा शोधत होतो. पाणी जेमतेम घोट्याइतकं, तळाला रेती, जागा झकास दिसत होती. त्यानं आम्हाला नुसतं वर बघायला सांगितलं. काठच्या करंजीच्या फांद्यांत, माझ्या खांद्याच्या उंचीला, काडीकचरा, प्लास्टिकच्या पिशव्या आणि एक फाटकी चप्पल अडकली होती.

"इथी पाऊस नसते," तो म्हणाला, "पाऊस तिकडं वरतं पडते. इथी ऊन राह्यते आन पाणी येते. तुमी मंधात असान त कायले गाडी पाह्यता, पयत सुटा."

"समजते कसं येऊन राह्यलं म्हणून?" मास्तरांनी विचारलं.

"गाई पाण्यातून निंगतात. गाई निंगल्या का आपुन निंगाचं."

मास्तरांनी तेही लिहून घेतलं. दिवाळीनंतर वरचा पाऊस बहुधा नसतो, तरी एखादा अवकाळी येतोच. नाल्याच्या पात्रात जेवायला बसायची आमच्या मंडळींना फार हौस, सावली असते ना. ती जागा रद्द.

उरलेली वाट पूर्णा प्रकल्पाच्या विश्रोळी धरणाच्या बाजूनं आणि पुढं शिरजगाव कसब्यावरून सरळ आहे, तिथं सांगण्यासारखं काही नाही. एक मात्र ध्यानात ठेवावं. रानडुकरं आणि रोह्यांपायी (नीलगायींपायी) इथल्या जवळपास प्रत्येक वावराला झटका मशीनची, म्हणजे विजेचा झटका देणारी, तार आहे. बारीक, उन्हात न दिसणारी, कधी गुडघ्याला तर कधी छातीला येईल अशा उंचीवर. तारेवर चिंध्या बांधलेल्या असतील तर नशीब. धुऱ्यावरून, म्हणजे वावराच्या बांधावरून, गाडी नेताना वेग माणसाच्या चालीइतका ठेवायचा, त्याला दुसरा उपाय नाही.

संध्याकाळी बहिरमला पोचलो. डिसेंबरच्या २० तारखेच्या सुमाराला इथं यात्रा भरते ती जानेवारी सरेपर्यंत चालते, आणि मातीच्या हंडीतलं मटण अन् रोडगे खायला साऱ्या वऱ्हाडातून माणूस येतो. आता मैदान रिकामं होतं, एक कुत्रं आणि आम्ही. गाडगेबाबांनी याच यात्रेत बळीच्या प्रथेविरुद्ध कीर्तनं केली, ते मास्तरांनी पायऱ्या चढता चढता सांगितलं. फौजीचा हिशेब वेगळा होता : यात्रेच्या दिवसांत बैतूल रस्त्यावर गर्दी असते, म्हणून आपल्या फेऱ्यांपैकी ही फेरी २० डिसेंबरच्या आत उरकायची. किंवा मुद्दाम नंतर ठेवायची आणि हंडीवर ताव मारायचा. दोन विरुद्ध एक मतांनी दुसरा पर्याय मंजूर झाला.

तिसरा दिवस : परतवाडा, चिखलदरा

वर जायचं ते फक्त डांबरी रस्त्यानं, हे निघण्याआधीच ठरलेलं. मेळघाट देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक, १९७३-७४ पासूनचा. तिथल्या आडवाटा आपल्यासाठी नाहीत. इंटरनेटवर कोणीतरी जंगलातल्या बैलगाडीच्या वाटेवरून गाडी उडवतानाचा व्हिडिओ टाकतो, मग आमच्यातलीही पोरं विचारतात, आपण का नाही? म्हणून परतवाड्याहून निघताना आम्ही नाक्यावर थांबून वनरक्षकाशी नीट बोलून घेतलं. माणूस समजूतदार होता. त्यानं आमचा नकाशा पाहिला, खिशातून पेन काढलं, आणि पठारावरून खाली उतरणाऱ्या दोन वाटांवर काट मारली. तिसऱ्या वाटेबद्दल म्हणाला, "हे गावरस्ता हाय, पण सरपंचाले इचारा आन सांजच्या आत खाली या. अस्वल हाय तिकडं." अस्वलाबद्दल त्याच्या आवाजात वाघापेक्षा जास्त आदर होता.

काट मारलेल्या वाटांपैकी एक मास्तरांच्या फार मनातली होती. वहीत त्यांनी तिला लाल शाईनं रंगवलंही होतं. ते घाटभर गप्प होते.

परतवाडा साडेतीनशे-चारशे मीटर उंचीवर, चिखलदरा १,११८ मीटरवर. दक्षिणेकडून सातपुडा एकदम उठतो, मध्ये पायऱ्या नाहीत, हे घाटाच्या वळणांवर पोटात कळतं. वर धुकं होतं. गाविलगडाच्या समोर थांबलो तेव्हा किल्ला दिसत नव्हता; मग पाच मिनिटं दिसला, मग पुन्हा गेला. तेवढ्यात मास्तरांचा आवाज परत आला.

१८०३ सालच्या डिसेंबरात इंग्रज सेनापती वेलस्ली नागपूरकर भोसल्यांचा हा किल्ला घ्यायला आला. दक्षिणेची बाजू उभी कड्यांची, तिथून काही साधणार नव्हतं. उत्तरेकडून मात्र किल्ला एका चिंचोळ्या दांडानं पठाराला जोडलेला आहे. तेव्हा त्याच्याबरोबरच्या कर्नल स्टीव्हन्सनच्या फौजेनं अवजड तोफा घेऊन डोंगरातून वळसा घातला. ७ तारखेला निघालेली फौज १२ तारखेला उत्तरेला पोचली. वाट नव्हतीच, दऱ्याखोऱ्यांतून सैनिकांनी ती स्वतः पाडली आणि तोफा माणसांच्या बळावर ओढल्या. १५ डिसेंबरला किल्ला पडला, १७ ला भोसल्यांनी देवगावचा तह केला.

"कुठून चढता येत नाही हे आधी पाहिलं, म्हणून कुठून चढायचं ते सापडलं," मास्तर म्हणाले.

"तोफ काई आपल्या गाडीवानी सर्व्हिसिंगले जात नाई," फौजी म्हणाला. "पाच दिवस त लागनच."

बाकी चिखलदऱ्यात खव्याची रबडी खाल्ली, इथलीच कॉफी प्यायलो, आणि घाटाच्या कडेला टोपल्या घेऊन बसलेल्या बायांकडून सीताफळं घेतली. यंदा ती मोठी होती पण बियाच फार. सरपंच गावात नव्हते, त्यामुळं तिसऱ्या वाटेपुढं प्रश्नचिन्ह तसंच राहिलं.

चौथा दिवस : अंजनगाव सुर्जी, अकोट, शहानूर

अंजनगाव सुर्जीतून जाताना मास्तरांना थोपवणं कठीण होतं, कारण त्याच १८०३ साली ३० डिसेंबरला शिंद्यांचा इंग्रजांशी तह इथं झाला. पण इथं मला इतिहासापेक्षा पानमळे जास्त आवडतात, आणि पानपिंपळीचे वेल. दाट सावली, ओल, आत शिरलं की तापमान उतरतं. या मळ्यांच्या कडेच्या वाटा ओल्या असतात आणि वेलींच्या आधारांना गाडीचा नुसता आरसा लागला तरी शेतकऱ्याचं नुकसान. त्या सगळ्या वाटा एका झटक्यात वगळल्या. त्यांच्यावर वाद झाला नाही.

अकोटच्या पुढं पोपटखेड, मग शहानूर, वर नरनाळा. किल्ल्यावर जायला वनखात्याची परवानगी लागते, गाड्या त्यांच्या रस्त्यानं त्यांच्या नियमांत न्याव्या लागतात. आमच्या फेरीत किल्ला असेल तो पाहण्यापुरता. आम्हाला हवी होती पायथ्याची वाट, सागाचं रान आणि कपाशीच्या वावरांच्या मधून जाणारी. ती मिळाली आणि मनाजोगी मिळाली. मुरमाड जमीन, पाणी न साचणारी, टाच फिरवली की भुगा. दोन ठिकाणी पावसानं चर पाडले होते, ढोपराएवढे खोल, आडवे. काठीनं खोली मोजली, कडेनं जाता येतं हे पाहिलं, जागा नोंदवल्या. सडकेवर तीसच्या घरात असलेली टायरमधली हवा इथं वीसवर आणून मी आणि मास्तरांनी एक फेरी मारली. त्या सगळ्या दिवसांत खऱ्या अर्थानं गाडी चालवली ती एवढीच, आणि फार मजा आली.

वाटेचा शेवटचा तुकडा एका वावराच्या धुऱ्यावरून जातो. मालक कपाशीत होते, पहिल्या वेचणीची तयारी चाललेली. आम्ही गाड्या दूर लावून पायी गेलो. त्यांनी आधी पाणी दिलं, मग ऐकून घेतलं, मग विचारलं, "किती गाड्या?"

"बारा-पंधरा असतील."

"धूळ कपाशीवर बसते. बोंडं फुटले असले का धूळ नाई चालत. वेचणी झाल्यावर या."

"कधी होईल?"

"मजूर भेटले त लवकर, नाई भेटले त नाई. फोन करा."

आणखी अटी होत्या. वावरात शिरायचं नाही, धुऱ्याधुऱ्यानं जायचं. हॉर्न वाजवायचा नाही, बैल बिचकतात. कुत्रं अंगावर येतं पण चावत नाही, त्याला दगड मारायचा नाही. आणि झटका मशीन रात्रभर चालू असते, जागलीहून ते सकाळी सात वाजता घरी जातात तेव्हा बंद करतात. त्याच्या आधी तारेजवळ फिरकायचं नाही. बटन कुठं आहे तेही त्यांनी झोपडीत नेऊन दाखवलं, पण हात आम्ही लावायचा नाही, ते स्वतः येऊन बंद करतील.

मास्तरांनी सगळं त्यांच्यासमोरच लिहिलं आणि वाचून दाखवलं. त्यांनी एक दुरुस्ती सांगितली, सातच्या जागी साडेसात करायला लावलं, आणि नंबर दिला.